तुम्ही विचारलंत म्हणून: घरून समर्स करून पीपीओ कसा मिळाला?

कॅम्पसवर समर्सच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या, मुलाखतींची धावपळ सुरू झाली की मला मेसेज यायला लागतात. "ताई, तू २०२० ची समर्स घरून केलीस ना? तरी पीपीओ कसा मिळाला? आमचीही रिमोट आहे, काहीतरी सांग." पीपीओ म्हणजे इंटर्नशिपनंतर त्याच कंपनीकडून येणारी नोकरीची ऑफर. पहिली दोन वर्षं मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं. एकदा ज्युनिअर्ससमोर ऑनलाइन तासभर बोललेही. सकाळी नऊला आवरून बसा, कॅमेरा चालू ठेवा, दर शुक्रवारी मेंटॉरला, म्हणजे कंपनीतल्या मार्गदर्शकाला, एक पानी मेल टाका. त्यात खोटं काही नव्हतं. पण जे सांगायला हवं होतं ते मी त्या तासात सांगितलंच नाही. तेव्हापासून हा प्रश्न आला की मला उत्तर देववत नाही. आज एकदाच लिहिते.

आधी 'मिळवलीस कशी' याबद्दल. रिमोट इंटर्नशिप मी मिळवलीच नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये समोरासमोर मुलाखत झाली आणि साबण-तेल विकणाऱ्या एका कंपनीत सेल्सची समर्स लागली. दोन महिने इंदूरच्या बाजारात फिरायचं होतं. मार्चमध्ये हॉस्टेल रिकामं झालं, मी कोकणात, श्रीवर्धनला घरी आले आणि २४ तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झालं. बॅचमधल्या काहींच्या ऑफर गेल्या, काहींचा स्टायपेंड कापला गेला. माझी टिकली, यात माझं कर्तृत्व काहीच नाही. एचआरचा मेल आला: १३ एप्रिल ते ५ जून, काम घरून.

काम असं, की लहान गावांतले किराणा दुकानदार कंपनीचा माल कमी का उचलतायत ते फोनवरून शोधायचं. २१२ नंबरांची एक्सेल शीट मिळाली. पहिल्या दोन आठवड्यांत मी साठेक फोन लावले, धड बोलले नऊजण. मी सकाळी फोन करायचे, आणि तेव्हा दुकानं ठरलेल्या वेळेतच उघडी असल्यामुळे सकाळी काउंटरवर झुंबड असायची. दुपारी शटर ओढून, जेवून बसलेला माणूस बोलतो, हे मला शीटमधून कळणार नव्हतं. ते सांगितलं आमच्या आळीतल्या किराणावाल्या काकांनी. आणखी एक सांगितलं: "माल का उचलत नाही हे नको विचारू. उधारी कोण देतंय ते विचार."

मी प्रश्न बदलला आणि चित्रच बदललं. माल विकला जात होता. पण डिस्ट्रिब्युटर गाडी रिकामी करायच्या आधी रोख मागत होता, म्हणून दुकानदार ओळखीच्या होलसेलरकडून उधारीवर उचलत होता. स्कीम, म्हणजे मालावरची सूट, कमी मिळाली तरी चालेल, पैसे पंधरा दिवसांनी द्यायचे. होलसेलरकडची ही खरेदी कंपनीच्या शीटवर येत नव्हती, म्हणून तिथे ते दुकान 'बंद पडत चाललेलं' दिसत होतं. माझ्याकडे दोनशे पानी वही होती, प्रत्येक दुकानाला एक पान, वर वेळ, खाली त्याचेच शब्द. समर्समध्ये मी खरं काम कुठे केलं असेल तर त्या वहीत. कुणी म्हटलं की तुला पीपीओ सहानुभूतीने मिळाला, तर मला ती वही आठवते.

सहानुभूती का म्हणतात, ते आता सांगते.

मी कुठे बसून काम करते हे मी मेंटॉरना सांगितलंच नव्हतं. सीव्हीवर मुंबईच्या मावशीचा पत्ता होता, त्यांना वाटत होतं मी मुंबईत आहे, आणि मी ते तसंच राहू दिलं. पडवीच्या एका कोपऱ्यात रेंज यायची. मागची भिंत पोपडे निघालेली, म्हणून तिच्यावर चादर ताणायची. लाइट गेली की कॉल तुटायचा, मी नंतर लिहायचे, "नेटवर्क इश्यू, सॉरी सर." सहा आठवड्यांत असं चारदा झालं. मिड रिव्ह्यूमध्ये ते म्हणाले, तुझ्याकडे सिरियसनेस दिसत नाही. मी "यस सर" म्हटलं. आजही ते आठवलं की त्या मुलीला गदागदा हलवावंसं वाटतं: अगं, सांग ना! पण तिची बाजूही मला कळते. बॅचमधल्या मुलांच्या मागे पुस्तकांची कपाटं दिसायची. एकदा सांगितलं असतं की आमच्याकडे लाइट जाते, तर पुढचं प्रत्येक काम त्याच नजरेने बघितलं गेलं असतं. कदाचित नसतंही गेलं. तिला हे कुणी सांगणार होतं?

३ जूनला, बुधवारी, निसर्ग वादळ आमच्याकडेच किनाऱ्याला लागलं. शुक्रवारी माझं फायनल प्रेझेंटेशन होतं.

लाइट सकाळीच गेली होती. दुपारी वारा असा फिरला की पडवीची कौलं पानांसारखी उडाली. आम्ही तिघं माजघरात, आईने देवाचा डबा मांडीवर घेतलेला. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मोडते तेव्हा सुकी काठी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज येतो. आधी आधी अण्णा प्रत्येक आवाजाला मान वळवत होते, मग त्यांनी मान वळवणं सोडलं. संध्याकाळी वारा पडला. मी माजघराची खिडकी उघडली तर समोर समुद्र दिसत होता. जन्मापासून त्या खिडकीतून फक्त आमची नारळी-पोफळीची वाडी दिसायची.

आमची अठरा गुंठे वाडी. १४० पोफळी होत्या, त्यातल्या नऊ उभ्या राहिल्या. माड होते सोळा, राहिले पाच.

गुरुवारी सकाळी आई-अण्णा पडलेल्या झाडांतून वाट काढत होते. फोन मेलेला, टॉवर बंद. मी वही आणि लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभी होते. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, "जा. इथे तू काय करणार?" हे वाक्य मी पाच वर्षं ढालीसारखं वापरलंय. पण खरं हे की पिशवी मी त्यांनी म्हणायच्या आधीच भरली होती.

चुलतभावाच्या मोटरसायकलवर निघालो. माणगाव पन्नासेक किलोमीटर, पण जागोजागी झाडं आडवी. कुठे गाडी उचलून पलीकडे न्यायची, कुठे कोयत्याने वाट काढणाऱ्या लोकांबरोबर थांबायचं. माणगाव ओलांडून हायवेवर एका जनरेटर चालू असलेल्या पेट्रोल पंपावर फोन चार्जिंगला लावला, रेंज आली आणि मेसेज कोसळले. मेंटॉरचे सात होते. शेवटचा असा, की तुला हे जमणार नसेल तर आजच सांग.

मी हवा भरायच्या मशीनजवळ उभी राहून फोन लावला. म्हटलं, "सर, मी मुंबईत नाहीये. मी श्रीवर्धनची आहे. वादळ आमच्याकडे आलं." बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, परत कॉल तुटला. मग ते म्हणाले, "घरचे ठीक आहेत?" आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, स्लाइड्स राहू देत, तुला काय सापडलं ते असंच सांग. मी वही उघडली आणि उधारीची सगळी गोष्ट सांगितली. वीसेक मिनिटं. आठ आठवड्यांत आम्ही इतका वेळ सलग कधी बोललोच नव्हतो.

शेवटी ते म्हणाले, प्रेझेंटेशन आठवडाभर पुढे ढकलू या, तू घरी जा.

मी नको म्हटलं.

हीच ती गोष्ट, जी मी त्या ऑनलाइन तासात बोलले नाही. मला मुदत मिळत होती आणि मी ती घेतली नाही. भीती वाटली, की आठवड्याने त्यांच्या आवाजातली ही माया गेलेली असेल. हे हिशेबी होतं आणि ते मला तेव्हाही कळत होतं. मी माणगावला आत्याकडे राहिले, शुक्रवारी पुन्हा त्या पंपावर गेले, कॅमेरा बंद ठेवून नुसत्या आवाजावर चाळीस मिनिटं प्रेझेंटेशन दिलं. शनिवारी घरी पोचले तेव्हा अर्ध्या छपरावर आकाश होतं. घरात ताडपत्री एकच. ती अण्णांनी पडवीतल्या माझ्या टेबलावर बांधली होती. दोन रात्री ते आणि आई माजघराच्या कोरड्या कोपऱ्यात बसून होते.

पीपीओ ऑगस्टमध्ये आला. आमच्याकडे लाइट यायला महिना गेला होता. बागायतीला भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार. अठरा गुंठ्यांचे किती होतात ते मीच अण्णांना मांडून दाखवलं, नऊ हजार. माझा दोन महिन्यांचा स्टायपेंड त्याच्या कितीतरी पट होता.

तुम्हाला उपयोगाचं हवं असेल तर एवढं घ्या: मेंटॉरला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्ही कुठे बसलाय, लाइट कधी जाते, घरात किती माणसं आहेत. त्याला तुम्ही आठवड्यात तासभर दिसता, बाकीचं तो मनाने भरतो. आणि आठवड्याला पंधरा मिनिटं स्लाइडशिवाय बोलायला मागून घ्या. हे मी आता सांगते, पण त्या वयात मी हे ऐकलं असतं का, मला खात्री नाही. आणि वादळ आलंच नसतं तर वहीच्या जोरावर पीपीओ मिळाला असता का, हे मला खरंच ठरवता येत नाही. वही चांगली होती. त्या वीस मिनिटांशिवाय ती कुणी उघडली असती का?

मुदत घ्यायला हवी होती असं मला बहुतेक दिवशी वाटतं. काही दिवशी वाटतं की त्या नोकरीनेच घरावर पत्रे चढले, २०२० च्या पावसात लावलेल्या पोफळींना पंप बसला, मग काय चुकलं? पोफळीला सुपारी धरायला सात-आठ वर्षं लागतात, ती रोपं अजून धरायची आहेत.

गेल्या गणपतीत मी अण्णांना सरळच विचारलं, त्या दिवशी मी थांबायला हवं होतं का. ते म्हणाले, "थांबून झाडं उभी केली असतीस?" आई तिथेच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.