वरच्या मजल्यावरचे एल्डर

घानाच्या राजधानीत, अक्राला, आमच्या वरच्या मजल्यावर जे अमेरिकन जोडपं राहायचं त्यांना अख्खी बिल्डिंग एल्डर आणि सिस्टर म्हणायची. मी पहिल्यांदा आईला फोनवर सांगितलं की अगं वर एक सिस्टर राहायला आल्यात, तर तिचा लगेच प्रश्न, "बरं झालं, कुठल्या हॉस्पिटलात आहेत? तुला बीपी तरी बघता येईल घरच्या घरी." आता हिला कसं सांगायचं की ही सिस्टर इंजेक्शनवाली नाही, आणि तो एल्डर वयाने मोठा असला तरी एल्डर म्हणायला वय लागतच नाही, नुकतं मिसरूड फुटलेलं एकोणीस वर्षांचं पोरगंही त्यांच्या मॉर्मन नावाच्या अमेरिकन चर्चमध्ये एल्डरच असतं. शेवटी मी सांगितलं की मिशनरी आहेत. त्यावर आई दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "जपून हो."

आम्ही मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण लागलेलं सुटत नाही). नगरमध्ये अमेरिकन मिशन आलं १८३१ ला, त्यामुळे मिशनरी म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको. शाळा, दवाखाना, मोठं कंपाउंड, जुनी झाडं. माझी आजी बाळंतपणाला बूथ हॉस्पिटलात होती आणि तिथल्या मॅडमनी तिला कशी गरम गरम पेज दिली हे ती मरेपर्यंत सांगायची, आणि त्याच दमात "पण त्यांचं पाणी प्यायचं नाही हं" असंही सांगायची. तर माझ्या डोक्यात मिशनरी म्हणजे गंभीर चेहरा, लांब झगा, हातात पुस्तक. आणि अक्राला येऊन बघते तर काय, एक सत्तरी उलटलेले काका लिफ्ट बंद म्हणून खांद्यावर गादी घेऊन जिना चढतायत आणि मागून काकू हातात संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी दट्ट्या घेऊन येतायत. दोघांच्या छातीवर काळी पाटी, त्यावर पांढऱ्या अक्षरात आडनाव. ही आमची पहिली भेट.

मी त्यांना काका-काकूच म्हणायला लागले. त्यांना अर्थ सांगितला तर काकू एकदम खूश, कारण मिशनवर एकमेकांना पण चारचौघात एल्डर अमुक, सिस्टर तमुक म्हणायचं असतं म्हणे. नवऱ्याला आडनावाने हाक मारणं म्हणजे आपल्या आज्यांसारखंच झालं की, नाव घ्यायचं नाही फक्त, उखाणा तेवढा बाकी.

दोघं युटाचे. काकांनी आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, काकू शाळेच्या किचनमध्ये होत्या. सहा मुलं, तेवीस नातवंडं. सगळं मार्गी लागल्यावर घर भाड्याने देऊन अठरा महिन्यांसाठी घानाला. पगार शून्य. उलट तिकीट, घरभाडं, खाणं सगळं आपल्या पेन्शनीतून. माझा नवरा हे ऐकून म्हणाला, "म्हणजे पदरचे पैसे खर्चून सासुरवास." आपल्याकडे या वयात लोक उलट्या दिशेने जातात ना, सहा महिने न्यू जर्सी, नातू सांभाळायचा, थंडीत खिडकीतून बर्फ बघायचं आणि परत. माझ्या सासूबाई तेच करून आल्यात दोनदा. त्यांना मी काका-काकूंचं सांगितलं तर म्हणाल्या, "तेवीस नातवंडं सोडून? मग त्यांच्या सुनांचं कसं होतं?" हा प्रश्न मी काकूंना विचारला नाही.

मॉर्मन म्हटलेलं काकूंना फारसं चालायचं नाही. चर्चचं पूर्ण नाव घ्यावं असं २०१८ पासून वरूनच सांगणं आहे, पण ते नाव (द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स) इतकं लांब आहे की खालचा वॉचमन "द लॅटर पीपल" म्हणायचा आणि काकू हसून सोडून द्यायच्या. चहा नाही, कॉफी नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. चहा नाही म्हटल्यावर माझी पंचाईत, मराठी माणसाने दारात आलेल्याला विचारायचं काय मग? सरबत! गावाकडून आणलेल्या आमसुलांचं सरबत केलं. काकूंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, अगं हे तर सोबोलो. सोबोलो म्हणजे इथलं जास्वंदीच्या जातीच्या लाल फुलांचं, आलं घातलेलं थंडगार पेय, रंग अगदी कोकमाचा. तेव्हापासून आमचं ठरून गेलं, त्या वरून सोबोलोची बाटली पाठवणार, मी खालून कोकम.

त्यांचा दिवस म्हणाल तर पाचला सुरू. फुटपाथ नाहीत आणि गटारं उघडी, म्हणून कंपाउंडच्या आतल्या आत वीस फेऱ्या, काका पुढे, काकू मागे, आणि दोघांचं काहीतरी वाद घालणं चालू. मग दोघं मिळून वाचन-प्रार्थना, आठला ऑफिस. मला वाटायचं ऑफिसात धर्माचं काहीतरी गहन चालत असेल. काकांकडे होत्या मिशनच्या गाड्या. कुणाचा इन्शुरन्स संपला, कुठल्या पिकअपचा क्लच गेला, कुठल्या तरुण मिशनरी पोराने गाडी गटारात घातली. काकूंकडे परदेशी पोरांचे परमिटचे कागद, फ्लॅटची भाडी, पंखे, मच्छरदाण्या. संध्याकाळी लाइट गेली की (इथे डुमसोर म्हणतात, डुम म्हणजे विझणं आणि सोर म्हणजे पेटणं, लोडशेडिंगला इतका नेमका शब्द आपल्याला का नाही सुचला) दोघं बाल्कनीत डोक्याला टॉर्च बांधून जिगसॉ लावत बसायचे. हजार तुकड्यांचं. खालून बघितलं की वाटायचं दोन खाणकामगार बसलेत.

एकदा काकांना गॅरेजमध्ये काम होतं आणि काकूंना फ्लॅट तपासायला जायचं होतं, म्हणून मी सोबत गेले. अक्रातल्याच टेशी भागाकडे, चार मिशनरी पोरांचा फ्लॅट. एक नायजेरियाचा, एक सिएरा लिओनचा, दोन अमेरिकन. चौघं दाराशी पांढरे शर्ट-टाय घालून उभे, आमच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे तेव्हा आम्ही उभं राहायचो तसे. काकूंनी वही काढली. स्मोक अलार्मची बॅटरी, मच्छरदाणीला भोकं, पाण्याचा फिल्टर, मलेरियाच्या गोळ्या घेता का, खरं सांगा. मग फ्रीज उघडला. आत पाण्याच्या पिशव्या, झाकण नसलेला कालचा जोलॉफ (टोमॅटोत शिजवलेला इथला) भात आणि मधल्या कप्प्यात एक इस्त्री. काकू इस्त्रीकडे बघतायत, इस्त्री काकूंकडे. सिएरा लिओनवाला शांतपणे म्हणाला, गरम होती सिस्टर, लवकर गार व्हावी म्हणून. काकूंनी काही न बोलता इस्त्री बाहेर काढली, फ्रीजच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, ते बोट चौघांना दाखवलं, अगदी माझ्या सासूबाई दाखवतात तसं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग पिशवीतून दालचिनीचे रोल काढले. धर्माबद्दल दीड तासात एक वाक्य निघालं नाही, एकाच्या शर्टाचं बटण मात्र त्यांनी उभ्या उभ्या शिवून दिलं, तो दुसऱ्या हाताने रोल खात होता.

अर्थात सगळं गोडच होतं असं नाही. एकदा त्यांनी मला त्यांचं धर्मपुस्तक, बुक ऑफ मॉर्मन, दिलं, विचारलंही की वाचशील का. मी घेतलं, ते अजून कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी आहे, पहिली दहा पानं वाचली, पुढे गेले नाही. "हेच खरं" असं ज्याला वाटतं त्याच्याशी बोलताना माझ्या पोटात थोडा गोळा येतोच, मग तो कुठल्याही धर्माचा असो. आणि एक गोष्ट मला खुपत होती. काळ्या पुरुषांना या चर्चमध्ये पुरोहितपद १९७८ पर्यंत मिळतच नव्हतं. घानात लोक त्याच्या कितीतरी आधीपासून ते पुस्तक वाचून स्वतःच चर्च भरवत होते, आणि अमेरिकेतून पहिली दोन जोडपी पश्चिम आफ्रिकेत आली ती बंदी उठल्यावर, त्याच वर्षी नोव्हेंबरात, ती सुद्धा अशीच वयस्कर. मी एकदा धीर करून काकांना विचारलं की मग तोपर्यंत काय? ते पान्हा पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले आणि म्हणाले, याचं माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मला ते आवडलं. वाईट उत्तर दिलं असतं तर मी कोकम बंद केलं असतं.

इथे वारावरून नाव ठेवतात. काका बुधवारचे म्हणून क्वाकू, काकू शुक्रवारच्या म्हणून अफुआ. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पण सोम्या, मंगळ्या, बुध्या असायचे. बाजारातल्या केळीवालीला काकूंचं नाव पाठ. पहिल्या आठवड्यात काकूंनी तिला डाव्या हाताने पैसे दिले होते आणि तिने घेतलेच नाहीत, काकू गोंधळून उभ्या. मी सोबत होते, मला काही सांगावंच लागलं नाही, माझा उजवा हात आपोआप पुढे गेला. लहानपणी डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून खाल्लेली चापट अक्रात कामाला येईल असं आईलाही वाटलं नसेल.

अठरा महिने जानेवारीत संपले. हरमॅटनचे दिवस, सहारातून येणारी ती बारीक पिठासारखी धूळ, खिडक्या बंद ठेवल्या तरी चादरीवर, ताटावर, ओठांवर. जायच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन, जरा वर ये. गेले तर घर रिकामं, बॅगा दाराशी, काका स्टुलावर चढून बल्ब पुसतायत. म्हणाल्या, उद्या सकाळी दुसरं जोडपं आमचा फ्लॅट तपासायला येणार आहे, तू एकदा बघ, बाहेरच्या माणसाला दिसतं. त्यांनी मला वही दिली, खरंच दिली, पेनासकट. मी बॅटरी बघितली, फिल्टर बघितला, मच्छरदाणी झटकली. फ्रीज उघडला, आत कोकमाची अर्धी बाटली. मग टाचा उंच करून फ्रीजच्या डोक्यावरून बोट फिरवलं.

बोट पांढरं झालं. मी ते दोघांना दाखवलं. काकू "अरे देवा" च्या चालीवर काहीतरी इंग्रजीत ओरडल्या आणि फडकं घेऊन धावल्या, आणि काका स्टुलावरून म्हणाले, "लिही, वहीत लिही ते."