नाच कोणी बसवला?

जानेवारी 2020. अटलांटाच्या उत्तरेकडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाची संक्रांत. निवेदन माझ्याकडे. लेक आणि तिच्या चार मैत्रिणींनी मराठी गाण्यावर टिकटॉकचा ‘रेनेगेड’ चढवला होता. मी माइकवरून ठणकावून सांगितलं, “हा नाच मुलींनी स्वतः बसवलाय!” लेकीने विंगेतून डोळे वटारले.

“आई, तो चार्लीचा आहे,” ती गाडीत म्हणाली.

चार्लीचाही नव्हताच. फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये वाचलं: तो बसवला होता जलाया हार्मनने. वय 14, कृष्णवर्णीय, राहणार फेएटव्हिल, म्हणजे अटलांटाच्या दक्षिणेला, आमच्याच जॉर्जियात. सप्टेंबर 2019 मध्ये शाळेतून आल्यावर तिने तो बसवला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. तिथून तो टिकटॉकवर पोचला, तिथली स्टार चार्ली डमेलिओ नाचली आणि तो तिचाच झाला. जलाया कमेंट्समध्ये ‘हा माझा आहे’ म्हणायची, तर लोक तिचीच टर उडवायचे.

बातमीनंतर चार्लीने तिचं नाव घेतलं. एनबीए ऑल-स्टार या बास्केटबॉल सामन्याला शिकागोत जलाया नाचलीही. छानच. पण मार्च 2021 मध्ये जिमी फॅलनच्या टीव्ही शोमध्ये टिकटॉक स्टार अ‍ॅडिसन रेने असे आठ नाच केले, आणि बसवणाऱ्यांची नावं तेव्हाही नाहीत! ओरड झाल्यावर त्यांना बोलावणं गेलं. त्या जूनमध्ये कृष्णवर्णीय नर्तकांनी रॅपर मेगन दी स्टॅलियनच्या नव्या गाण्यावर नाच बसवायचाच नाही, असा संप केला. मला तर तो फार आवडला.

नाव उशिरा का होईना मिळतं. पैशाचं काय? मी पेरोलमध्ये काम करते, म्हणून डोकं तिकडेच जातं. एमएसएल या पीआर कंपनीच्या डिसेंबर 2021 च्या पाहणीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय इन्फ्लुएन्सर्सच्या कमाईत 35 टक्के तफावत निघाली. माझ्या तक्त्यात असा आकडा दिसला असता तर मी त्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये असते. इथे तक्ताच नाही. ब्रँड प्रत्येकाशी वेगळा भाव करतो, आणि शेजारणीला किती मिळाले हे कळायला मार्ग नसतो.

आमच्या संक्रांतीचा व्हिडिओ मंडळाच्या यूट्यूबवर अजून आहे. खाली जलायाचं नाव टाका म्हणून मी खजिनदारांच्या मागे लागले. “वहिनी, कोण बघतंय आता?” ते म्हणाले. खरंय, 41 व्ह्यूज आहेत, त्यातले निम्मे नाशिकच्या आजीचे. पासवर्ड मागून घेतला आणि मीच टाकलं.