फाईल करप्ट नव्हती

"फाईल करप्ट झालीये, फॉरमॅट मारावं लागेल." आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातलं हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. दुखणं न तपासताच गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं आणि वर त्याचा सगळा डेटा पुसायचा!

गेल्या पावसाळ्यात सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक दुसरीकडे हेच ऐकून टिळक रोडवरच्या आमच्या दुकानात आले. वडिलांच्या आठवणी त्यांनी पूर्वी डीटीपीवाल्याकडून, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्याकडून, टाइप करून घेतल्या होत्या. नव्या लॅपटॉपवर वर्डची फाईल उघडली की पानभर नुसती डोक्यावर खुणा असलेली इंग्रजीसारखी अक्षरं, मध्येच भलतीच चिन्हं. "अहो, गेलं का हे सगळं? तेवढं सांगा फक्त."

मजकुरावर क्लिक करून वरचा फॉन्टचा चौकोन पाहिला. डीव्ही-टीटीसुरेख, जुना देवनागरी फॉन्ट! फॉन्ट मशीनवर नसला तरी वर्ड त्याचं नाव दाखवतं. म्हणजे एक अक्षरही गेलेलं नव्हतं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीत जुने फॉन्ट पुढेही कितीतरी वर्षं चालले. त्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. सरांना मी एवढंच सांगितलं, आणि त्यांना ते लगेच पटलं.

फॉन्ट टाकला. सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि मोठ्यानं वाचायलाच लागले.

पण उद्या मशीन बदललं की पुन्हा तेच, म्हणून सगळं युनिकोडमध्ये आणायचं ठरवलं. खरी मेहनत तिथे होती. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: 'धर्म'मधला र युनिकोडमध्ये म-च्या आधी, जुन्या फॉन्टमध्ये नंतर. कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम, नेमका जोडाक्षरांपाशी अडखळतो. अशा जागा सरांनी लाल पेनानं एकेक करून धरल्या. ते काम माझ्याच्यानं झालं नसतं.

शेवटी पीडीएफही करून दिली, कारण तिच्यात फॉन्ट आतच ठेवता येतो. फाईल पेनड्राइव्हवर कशी घ्यायची, ते कागदावर मराठीत लिहून दिलं: 'माउसचं उजवं बटण दाबा' इतक्या सोप्या भाषेत.

आता सरांच्या ओळखीतले लोक तशाच फाईली घेऊन येतात. एका बाईंच्या फाईलचा फॉन्ट आमच्याकडे नाही. त्यांचा जुना डीटीपीवाला कुठे असतो, याची चौकशी चालू आहे.