पडद्यावरचं काळं कुंकू

आधी बोटावर मेण घेऊन कपाळावर गोल टिकली, मग त्यावर पिंजर, मग सांडलेली भुकटी पदराच्या टोकाने पुसून कड साफ. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर आजही कुंकवाच्या लालभडक राशी लागतात. मूकपटाच्या पडद्यावर मात्र हे कुंकू ठार काळं.

दोष कुंकवाचा नाही, फिल्मचा. त्या काळची फिल्म निळा-जांभळा रंग चटकन टिपायची, हिरवा बऱ्यापैकी, पिवळा कसाबसा आणि लाल तर तिला दिसायचाच नाही. म्हणूनच ती अंधारखोलीत लाल दिवा लावून बिनधास्त धुता यायची. धुणाऱ्याची सोय झाली, पंचाईत झाली ती नटीची.

कारण नाटकातून आलेल्या बाईची रंगपेटी म्हणजे पांढरा सफेदा, पिवळी पिवडी आणि लाल हिंगूळ. बत्तीच्या पिवळट उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत चेहरा पोचला पाहिजे, म्हणून गालांवर लाली, ओठांवर लाली, सगळंच चढं. तोच चेहरा भर उन्हात कॅमेऱ्यासमोर उभा करा: गालांच्या जागी खड्डे, ओठ काजळ फासल्यासारखे, आणि पिवडी सढळ हाताने घेतली असेल तर गोरीपान द्रौपदी चार छटांनी सावळी. (द्रौपदी कृष्णवर्णाचीच होती म्हणा, पण हे कंपनीच्या मालकाला कोण सांगणार?) तेव्हा गालांची लाली बंद, ओठांना नुसता हात लावल्यासारखा रंग, हिंगूळ नावापुरता. कुंकू काळं उमटलं तरी बिघडत नसे, बघणाऱ्याला ते काय आहे ते कळत होतं. घोळ व्हायचा आकाराचा. उन्हाने मेण पाघळलं की टिकली भुवईकडे सरकते. ती पुसून नवी लावली आणि जोंधळ्याएवढा जरी फरक पडला, तरी एकाच प्रवेशात बाईच्या कपाळी दोन कुंकवं.

लुगड्यांचा तिढा याहून मोठा. लाल लुगडं आणि काळी चंद्रकळा पडद्यावर जवळपास सारखीच. विधवेचं लाल आलवणही त्याच रंगाचं. म्हणजे संक्रांतीला नटलेली सवाष्ण आणि आलवणातली बाई शेजारी उभ्या केल्या, तर फरक काय तो कपाळाचा आणि डोक्यावरच्या पदराचा. गडद निळी पैठणी उलट धुवट पांढरी दिसायची. खरेदी करताना रंग बघायचा नाही, तो काळा-पांढरा होऊन कसा उतरेल ते बघायचं. त्याला डोळा लागतो. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवून सिनेमाकडे वळले होते, तो डोळा त्यांच्याकडे होता.

त्यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. त्यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई होत्या. पडद्यासाठी त्यांची नावं झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. सात वर्षं आधी दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून साळुंके नावाचा पुरुष उभा करावा लागला होता. पण १९१३च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी. चंद्रकांत गोखल्यांच्या त्या आई, विक्रम गोखल्यांच्या आजी. लहानपणापासून नाटकात वाढलेली ही मुलगी कॅमेऱ्यासमोर आली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती.

नाटकवाल्या बाईची खरी कमाई म्हणजे गळा. मायक्रोफोनशिवाय पिटापर्यंत, म्हणजे स्वस्तातल्या जागांपर्यंत, शब्द पोचवायचा, ‘वन्स मोअर’ आला की तेच पद पुन्हा तितक्याच ताकदीने म्हणायचं. इथे तो गळाच बिनकामाचा. बाबूरावांच्या कंपनीला भांडवल दिलं गायिका तानीबाई कागलकरांनी. गाणाऱ्या बाईचा पैसा, आणि त्यावर निघालेले चित्रपट मुके! वाक्य पडद्यावर मधेच येणाऱ्या मजकुराच्या पाटीवर वाचायला मिळणार, त्यामुळे पाटीच्या आधी ओठ हलवायचे ते सावकाश. भरभर बोललं की नुसती वटवट दिसते. दिग्दर्शक मात्र चित्रण चालू असताना खुशाल ओरडू शकायचा. मान वळव, आता रड. आवाज उमटणारच नव्हता.

आणि सगळा वेग एका माणसाच्या मनगटावर. कॅमेऱ्याचा दांडा एकदा फिरवला की आठ चित्रं, सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. फुटाला सोळाच चित्रं बसतात, म्हणून हजार फुटांचं रीळ साडेसोळा मिनिटांच्या आसपास चालायचं. दांडा फिरवणारा दमला, सेकंदाला बारा-तेराच चित्रं निघाली, की दाखवताना बाई धावत सुटलेली दिसणार. हात जोरात चालला तर तीच बाई पाण्यातून चालल्यासारखी.

बोलपटापासून वेग चोवीसचा झाला. सोळाने काढलेली फीत चोवीसने चालवली की सगळं दीडपट घाईत होतं आणि नऊवारीतल्या बाया टुणटुण उड्या मारत पाणी भरायला निघतात. त्याला लोक जुना अभिनय समजून हसतात. मूकपटांचे जे तुकडे वाचले आहेत ते मोबाइलवर बघायला मिळाले, तर वेग पाऊणपट करून बघावेत. हिशेबाने तो दोन तृतीयांश हवा, पण पाऊणपटीतही पावलं जमिनीला टेकतात आणि कासोट्यातली ती चाल ठसक्यात दिसते.