दादा कुठनं आला?

"अगं, हे मला दादा म्हणतंय की!"

काकी उचगावच्या शेतातनं आल्या आल्या माझा मोबाईल घेऊन बसली होती. रताळ्यांना बारीक भोकं पडलीत, काय करायचं, असं एआयला बोलून विचारलं. उत्तर सुरू झालं, "शेतकरी दादा..."

रताळी पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची माहिती तशी बरोबर होती. पण काकीचं लक्ष तिथं कुठलं! नखांतली लाल माती काढत म्हणाली, "वेल लावणार मी, भांगलणार मी, मग हा दादा कुठनं आला?"

मी हसले. मग आठवलं, शेतकरी म्हटलं की माझ्याही डोळ्यासमोर टोपीवालाच येतो.

२०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक बायकांनी चेहरा बघून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या तीन एआय यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांत चूक १ टक्क्याच्या आत. सावळ्या बायकांत मात्र ३४.७ टक्क्यांपर्यंत! यंत्रणेला शिकवायला दिलेल्या फोटोंतच आपण कमी असाव्यात. मग शेतीबद्दल जे लिहिलं गेलं, त्यात तरी काकी कितीशी असणार?

काकीनं परत माईक दाबला. "काकी म्हण." लगेच माफी मागून काकी म्हणालं.

पुढचा प्रश्न खताचा. परत दादा.

तुमच्याकडं काय म्हणतंय?