आजोबांच्या टायमाची रायफल: कारखान्याची किती, मिस्त्रीची किती

खानदेशात विकायला निघणाऱ्या जुन्या रायफली साधारण तीन वाटांनी येतात. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात पीक राखायला म्हणून घेतलेली, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली ३१५ बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप), ही पहिली. धुळे-नंदुरबारकडच्या जुन्या वाड्यांतून बाहेर येणारी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधीच्या शिकारीच्या काळातली विलायती किंवा जर्मन, ही दुसरी. तिसरी वाट २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीने मोकळी केली. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोनच. मग कपाटातलं तिसरं बाहेर पडलं. वाट कुठलीही असो, विकणारा म्हणणार, "आजोबांच्या टायमाची आहे भाऊ, एकदम कंपनी फिटिंग."

खोटं बोलतो असं नाही, त्यालाही तेवढंच माहीत असतं. पण दोन-तीन पिढ्या घरात राहिलेलं हत्यार बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखालून गेलेलंच नाही, असं फार कमी वेळा होतं. कुणी लाकडी दस्ता घासून नवं पॉलिश दिलं, कुणी दुर्बीण बसवायला भोकं पाडली, कुणी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बदलला. यातलं काय खपवून घ्यायचं आणि कुठे हात जोडून उठायचं, हे आधी ठरवून जावं.

दोन गोष्टींत घासाघीस नाहीच. शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही, आणि कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं, खोटी उठवणं हा गुन्हा आहे. अशी रायफल फुकट मिळाली तरी घेऊ नये. म्हणून तपासणी नळी आणि नंबरापासून सुरू करायची, लाकडाच्या देखणेपणापासून नव्हे.

बघायचं ते परवानाधारकासमोर, शक्यतो परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून खात्री करा. सोबत छोटी टॉर्च, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर, लोहचुंबक, पितळी क्लीनिंग रॉड आणि पांढऱ्या चिंध्या एवढं पुरे. जिवंत काडतूस तपासणीच्या टेबलावर नकोच.

नंबर वाचताना टॉर्च समोरून मारू नका, बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून मारा. कारखान्यात ठसा मारला की अक्षराच्या कडेला लोखंड किंचित वर उचललं जातं आणि भिंगाखाली ती कड टोकदार दिसते. नंतर कुणी बफ मारला असेल तर कडा गोल झालेल्या असतात, अक्षरं पुसट आणि उथळ दिसतात. नंबर घासून दुसरा मारला असेल तर त्या जागी बशीसारखा हलका खड्डा पडलेला असतो. बोट फिरवलं तर तो कळतो, तिरप्या उजेडात तर लपतच नाही. आकड्यांची उंची, खोली आणि ओळ एकसारखी आहे का तेही बघा. परवान्यावरचा नंबर लोखंडावरच्या नंबराशी एकेक आकडा करून जुळवा. ३ चा ८ आणि बी चा ८ कारकुनाच्या हातून सर्रास होतो. ती चूक विकणाऱ्याने आधी दुरुस्त करून घ्यावी, नंतर ती तुमच्या गळ्यात पडते.

इशापूरच्या ३१५ ची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून उडवणारी यंत्रणा, जुन्या लष्करी ली-एन्फील्डच्या घराण्यातली आहे. ३०३ हा आपल्याकडे निषिद्ध बोर, म्हणून नागरिकांसाठी ३१५. इंग्रजांच्या काळात बीएसए कंपनीही याच बोरात शिकारी रायफली विकायची. इथे एक जागा मुद्दाम बघायची: दस्ता ज्या लोखंडी खोबणीत बसतो तिची उजवी बाजू. इंग्रजांच्या काळातल्या लष्करी रायफलीवर इथे मुकुट, जी.आर. (राजा जॉर्जची अक्षरं), कारखान्याचं नाव, साल आणि मार्क, म्हणजे मॉडेलचा क्रमांक, असतो. 'नागरी ३१५' म्हणून दाखवलेल्या रायफलीवर हे शिक्के असले, किंवा तिथलं लोखंड कानशीने सपाट केलेलं दिसलं, तर ती मूळची सैन्याची आहे आणि पुढे कधीतरी तिचं रूप बदललेलं आहे. कागद कितीही सरळ दिसोत, हा प्रश्न सुटल्याशिवाय बयाणा देऊ नका.

याच घराण्यातल्या रायफलीत बोल्टच्या मुठीमागे नंबर असतो, तो रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या, नंबराशी जुळला पाहिजे. न जुळला तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. ली-एन्फील्डच्या बोल्टचं डोकं आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं, त्यामुळे मिस्त्री ते सहज बदलतो. काम चालतं, पण बोल्टचा चेहरा (काडतुसाला टेकणारी पुढची बाजू) आणि नळीचं मागचं टोक यांतलं अंतर बिघडू शकतं. ३१५ चं काडतूस कडेवर, म्हणजे बुडाच्या रिमवर टेकतं. तिथे फट जास्त राहिली की उडताना पितळेची केस ताणली जाते आणि बुडापासून थोडं वर आडवी फाटते. मग वायू मागे, तोंडावर येतो. नंबर न जुळणारा बोल्ट म्हणजे सौदा संपला असं मी म्हणणार नाही, पण हेडस्पेस गेज, म्हणजे ही फट तपासायचं माप, लावल्याशिवाय तो स्वीकारू नये. गेज विक्रेत्याकडे असतो किंवा तो मागवू शकतो. 'दहा काडतुसं उडवून बघितली, काही झालं नाही' हा गेज नव्हे.

जर्मन मॉझर असेल तर नंबर रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर, बोल्टवर आणि बऱ्याचदा मॅगझिनच्या तळपट्टीवरही सापडतो. प्रूफचे ठसे (चाचणीत उतरल्याचे शिक्के) रिसीव्हर, नळी आणि बोल्ट तिन्हींवर एकाच धाटणीचे हवेत. १९४० आधीच्या जर्मन ठशांत मुकुट असतो, त्यानंतर गरुड येतो. रिसीव्हरवर मुकुट आणि नळीवर गरुड दिसला तर नळी नंतरची. अनेक जर्मन नळ्यांवर खालच्या बाजूला प्रूफचा महिना आणि साल आकड्यांत असतं, पण ते बघायला लाकूड उतरवावं लागतं. विलायती मालात बर्मिंगहॅमचा मुकुटाखाली बी.एन.पी. हा ठसा १९५४ नंतरचा. '१९३५ साली पणजोबांनी घेतली' असं सांगितलेल्या रायफलीवर तो असेल तर एक तर गोष्ट चुकीची आहे, नाहीतर नळी. बेल्जियमच्या लीएजचा ठसा अंडाकृती चौकटीत ई.एल.जी. असा येतो.

आता नळीची लांबी. बोल्ट बंद करा, रिकामा रॉड तोंडाकडून बोल्टच्या चेहऱ्यापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि मोजा. त्या मॉडेलची छापील लांबी विक्रेत्याकडच्या कॅटलॉगमध्ये मिळते. कापलेल्या नळीची लक्षणं मोजण्याआधीच दिसतात. तोंडाची गोलाई हाताने केलेली, भिंगाखाली एका बाजूला जास्त घासलेली असते. पुढची साइट तोंडाच्या फारच जवळ आलेली असते किंवा तिच्या बुडाशी डाग (सोल्डर) दिल्याचा रंग दिसतो. तोंडाशी नळीचा बाहेरचा व्यास छापील मापापेक्षा जास्त भरतो, कारण नळी पुढे निमुळती होत जाते आणि बारीक टोकच कापून टाकलेलं असतं.

आत बघताना आधी कोरडी चिंधी फिरवा. तेलाने थबथबलेली नळी कुणी मुद्दाम तशी ठेवलीय असंच समजा, तेलाखाली खड्डे लपतात. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. उडाल्यावर त्याचा क्षार मागे राहतो, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी आतून खातो. तो तेलाने निघत नाही, पाण्यानेच विरघळतो, हे बऱ्याच घरांत माहीत नव्हतं. त्यामुळे चेंबरच्या लगेच पुढे काळसर ओरखडलेला पट्टा दिसणं नेहमीचं. तिथे थोडे खड्डे असले आणि पुढच्या सऱ्या (नळीच्या आतल्या पीळदार रेषा) टोकदार असल्या तर रायफल कामाची आहे. तोंडाकडच्या चार बोटांत सऱ्या गेलेल्या असतील तर निशाणा लागणार नाही.

यापेक्षा घातक म्हणजे फुगवटा. टांगून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, कुणी न बघता बार टाकतो, आणि अडथळ्याच्या जागी नळी फुगते. आतून टॉर्च मारल्यावर तिथे एक गोल काळी कडी दिसते. बाहेरून बोटं हलक्या हाताने सरकवली तर उंचवटा जाणवतो. कडी दिसली की रायफल परत द्यायची.

चमक हा सगळ्यात मोठा फसवा भाग. ऐंशी वर्षांची रायफल आरशासारखी काळी-निळी असेल तर ती पुन्हा ब्लू केलेली, म्हणजे लोखंडाला काळा-निळा रंग नव्याने चढवलेली आहे. खऱ्या जुन्या रंगाची झीज हात जिथे पडतो तिथे असते: बोल्टची मूठ, मॅगझिनची पट्टी, नळीचं तोंड, खांद्यावर टांगताना घासणारी बाजू. लाकडाखालच्या भागात रंग गडद राहतो. उलट झालेलं, म्हणजे सगळीकडे एकसारखा रंग आणि त्याखाली गंजाच्या खड्ड्यांच्या बोथट कडा, हे दुसऱ्यांदा केलेलं काम. स्क्रूच्या भोकांच्या कडा खचून बशीसारख्या झाल्यात का बघा, बफचं चाक तिथे हमखास खातं. बाटलीतल्या लिक्विडने केलेलं थंड ब्लूइंग ठिपक्या-ठिपक्यांचं असतं, आणि तळहाताने घासून गरम केलं की त्याला तांब्या-गंधकासारखा उग्र वास येतो. उकळत्या क्षाराच्या टाकीत बुडवून केलेलं काम दिसायला झकास, पण मऊ डागाने जोडलेल्या साइटचा डाग त्यात कमजोर होतो. म्हणून अशा रायफलीची पुढची साइट अंगठ्याने बाजूला दाबून बघाच.

स्क्रूच्या खाचा बऱ्याच गोष्टी उघड करतात. चांगल्या विलायती रायफलीत स्क्रूच्या खाचा बारीक असतात आणि सगळ्या नळीच्या दिशेला उभ्या लागलेल्या असतात. खाच रुंद झालेली, कडा उखडलेल्या, एखादा स्क्रू मधूनच दुसऱ्या घडणीचा, म्हणजे आत कुणीतरी जाऊन आलंय. दुर्बिणीची भोकं कारखान्याची असतील तर त्यांच्या कडा ब्लूइंगखाली असतात. नंतर पाडलेल्या भोकात उघडं लोखंड चकाकतं, आणि भोक अक्षरांच्या किंवा शिक्क्याच्या मधोमधही गेलेलं असतं. मॅगझिनच्या पट्टीला चुंबक लावा. जुन्या रायफलीवर तो चिकटला नाही तर ती पट्टी लोखंडी नाही, बदललेली असू शकते.

लाकडाचं खानदेशात वेगळंच प्रकरण आहे. कारखान्यातून निघताना लाकूड लोखंडापेक्षा केसभर वर ठेवलेलं असतं. घासून पॉलिश केलं की लाकूड खाली जातं आणि बटप्लेटची (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरच्या पट्टीची) कड बाहेर उभी राहते. पुस्तकी नियमाने याचा अर्थ 'दस्ता घासलेला'. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत पन्नास वर्षं वाळलेलं अक्रोडाचं लाकूड तसंही आक्रसतं. फरक ओळखता येतो. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेला आक्रसतं, उभ्या दिशेला जवळजवळ नाही. म्हणजे बटप्लेट दोन्ही बाजूंना समान बाहेर आलेली असेल आणि जाळीदार कोरीव कामाचे हिरे टोकदार असतील, तर तो उन्हाळ्याचा परिणाम. हिरे चपटे, त्यांच्या बाजूच्या किनारी पुसट आणि दस्त्याच्या कडा गोल झालेल्या असतील, तर ते पॉलिश पेपरचं काम. आक्रसलेल्या दस्त्यात स्क्रू सैल होतात, धक्का एकाच जागी बसतो आणि मागे दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागात, तडा जातो. तिथे बोटाने दाबून तडा उघडतो का बघा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर अंधारात मारा, भरलेला इपॉक्सी लाकडापेक्षा वेगळा उजळतो.

लाकूड उतरवून बघायचा हट्ट मात्र मिस्त्रीसमोरच धरा. जुन्या ली-एन्फील्डमध्ये दस्त्याच्या आतला लांब बोल्ट पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेला असतो. पुढचं लाकूड न काढता मागून तो फिरवला की पुढचं लाकूड चिरतं. बाजारात मागे चिरलेली जी पुढची लाकडं दिसतात, त्यांतली पुष्कळ याच घाईची.

माझा हिशेब असा: रबरी पॅड, पट्ट्याच्या कड्या, बदललेली पुढची साइट, घासलेला दस्ता, यांनी रायफल वाईट होत नाही, किंमत कमी होते एवढंच. दुसऱ्यांदा ब्लू केलेली असेल तर तेवढ्यासाठी जादा पैसे देऊ नका. बोल्ट जुळत नसेल तर गेजनंतर बोला.

सौदा ठरलाच तर पावतीवर 'एक रायफल' असं मोघम लिहून घेऊ नका. बनवणारी कंपनी, बोर, रिसीव्हरचा नंबर, बोल्टचा नंबर, मोजलेली नळीची लांबी आणि विकणाऱ्याचा परवाना क्रमांक व युआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), सगळं लिहा. खासगी विक्रीत विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात, आणि तोवर रायफल त्याच्याच घरी राहते. तुमच्या परवान्यावर त्या बोराच्या शस्त्राची जागा आहे का हे त्या अवधीत शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. ताबा घ्यायच्या दिवशी नंबर पुन्हा जुळवा, कारण ४५ दिवसांत बोल्ट बदलायला वेळ लागत नाही.