गौरी जेवायच्या आदल्या दिवशी

लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम ३५ म्हणतं, न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी. ठाण्याच्या कोर्टात या मुलीची साक्ष लागली, तोवर ती दुसरीतून चौथीत गेली होती. बालकल्याण समितीने मला तिची सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहून आधार देणारी व्यक्ती, म्हणून नेमलं होतं. ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही.

आरोपी सख्खा मामा. घर त्याच्याच पगारावर चालायचं, त्यामुळे आजी आणि मावशा त्याच्या बाजूला, आई एकटी. आईला कळेपर्यंत बरेच आठवडे उलटले होते, म्हणून वैद्यकीय अहवालात काहीच नव्हतं. खटला उभा होता तो पोरीच्या बोलण्यावर.

साक्षीच्या दिवशी आरोपी तिला दिसू नये म्हणून आत पडदा लावला होता. पण बाहेरचा व्हरांडा सगळ्यांचा एकच. तिथे आजीने तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "मामाला घरी आणायचंय ना बाळा?" पोरीचा चेहरा पडला. मी लगेच सरकारी वकिलांना सांगितलं, त्यांनी न्यायाधीश मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी तिला सरळ आपल्या चेंबरमध्ये बसवलं, पाणी दिलं, शाळेचं विचारलं. सुमारे तासाभराने साक्ष सुरू झाली.

उलटतपासणीत बचावाचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारावे लागतात. वकिलांचा पहिलाच प्रश्न तारखेचा. मॅडमनी तो सोपा केला, "हे कधी झालं, आठवतं का गं?"

"गौरी जेवायच्या आदल्या दिवशी. आई घावनांचं पीठ दळायला गिरणीत गेली होती."

मी तिथेच मनातल्या मनात जबाब लिहून घेणाऱ्या उपनिरीक्षक बाईंचे आभार मानले. त्या साध्या कपड्यांत घरी आल्या होत्या, जमिनीवर बसल्या होत्या, आणि पोरगी बोलली तसंच त्यांनी लिहिलं होतं: गौरी, गिरणी, सगळं. रकाना भरायचा म्हणून आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी इंग्रजी तारीख घालणारे जबाब मी पाहिलेत. कोर्टात मुलाला ती तारीख सांगता येत नाही आणि विसंगती म्हणून तेवढीच पकडली जाते. इथे पानावर तेच, तोंडात तेच. तारीख काय, कॅलेंडरात सापडतेच.

मग ठरलेला प्रश्न, आईने शिकवलं का? "आई घरी नव्हती, सांगितलं ना," ती म्हणाली. थोडी चिडलीच होती. मॅडमनी ते तिच्याच शब्दांत नोंदवून घेतलं.

पॉक्सोच्या कलम २९ नुसार आरोपीनेच गुन्हा केला असं गृहीत धरलं जातं खरं, पण मूळ घटना आधी सरकार पक्षालाच सिद्ध करावी लागते. त्या दिवशी तो भार एका चौथीतल्या मुलीने उचलला. याचा मला अभिमान वाटतो आणि संतापही येतो.

आता आईची साक्ष आहे. भाऊ तुरुंगात, खोलीचं भाडं थकलेलं, आणि माहेरचे रोज निरोप धाडतायत, "जबाब फिरव, भाडं आम्ही भरतो." साक्षीदार फितूर होतो तो असा. तिला पैसे आत्ता हवेत, निकालानंतर नव्हे. म्हणून विशेष न्यायालयाकडे अंतरिम भरपाईचा अर्ज केलाय, आणि मनोधैर्य योजनेची, म्हणजे अशा पीडितांना राज्य सरकारकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याची, फाइल घेऊन उद्या सकाळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायचंय.